उसाच्या मोळीतल्या तीन साखळ्या

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात 'उतारा' या शब्दाला तीन अर्थ आहेत. पहिला सातबाराचा उतारा. तो काखेत मारून माणूस बँकेच्या पायऱ्या चढतो. दुसरा दृष्ट लागली म्हणून तिन्हीसांजेला तिकाटण्यावर ठेवायचा उतारा. आणि तिसरा साखरेचा उतारा, म्हणजे शंभर किलो ऊस गाळला तर किती किलो साखर पोत्यात पडली त्याचा आकडा. माझी बँकेतली बरीचशी नोकरी कृष्णाकाठच्या शाखांत गेली. पहिल्या उताऱ्यावर आम्ही कर्ज द्यायचो आणि तिसऱ्या उताऱ्याच्या भरवशावर ते वसूल होईल म्हणून बसायचो. दुसऱ्या उताऱ्याची गरज अधूनमधून दोन्ही बाजूंना वाटायची, ही गोष्ट वेगळी!

दिवाळी सरली की रेठरे, साखराळे, यशवंतनगर, शेंद्रे, भुईंज इथल्या चिमण्या धूर सोडू लागतात. रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या यांची रांग लागते. मग पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, सलूनमध्ये एकच प्रश्न: "यंदा उतारा किती?" या प्रश्नामागे नुसती उत्सुकता नसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाला १०.२५ टक्के उताऱ्यापर्यंत टनाला ३,५५० रुपये असा रास्त आणि किफायतशीर दर ठरवला. त्यापुढे उतारा ०.१ टक्का वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. ऐकायला हे चिल्लर वाटते. पण दहा लाख टन ऊस गाळणारा कारखाना धरा, आणि बँकेतल्या माणसाच्या सवयीने गुणाकार करा. टक्क्याच्या दहाव्या हिश्शाची किंमत ३ कोटी ४६ लाख रुपये निघते. तीही उसाच्या हिशेबातली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली.

हा दहावा हिस्सा कुठे गळतो? लबाड काटा, आळशी यंत्र, कोवळा ऊस, अवेळी पाऊस अशी पुष्कळ नावे आपण घेतो, आणि त्यांतली काही खरीही असतात. पण एक चोर असा आहे की तो कोणाला दिसत नाही. तो उसाच्या पेरात शिरून साखरेचीच साखळी विणत बसतो. त्याला समजून घ्यायचे तर साखरेच्या साखळ्या कशा वळतात, कशा पिळतात, हे थोडे पाहावे लागेल. विषय रसायनशास्त्राचा आहे, पण घाबरू नका. मी कॉमर्सचा विद्यार्थी. मला समजले ते तुम्हालाही समजेल.

आपण चहात घालतो ती साखर म्हणजे दोन लहान साखरांची जोडी: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. यांतले ग्लुकोज हे मोठे गुणी मूल. ते एकटे राहते, जोडीने राहते आणि हजारोंच्या साखळीतही राहते. साखळीतल्या दोन ग्लुकोजच्या मध्ये प्राणवायूचा एक अणू बिजागरीसारखा बसतो. ही बिजागरी ग्लुकोजच्या कोणत्या कोपऱ्यावर आणि कोणत्या बाजूने बसली, एवढ्यावर त्या साखळीचे सगळे नशीब ठरते. कडी तीच, साखळ्या निराळ्या. आणि गंमत अशी की अशा तीन साखळ्या उसाच्या एका मोळीत सापडतात.

पहिली साखळी सेल्युलोजची. हिच्यात बिजागरी अशी बसते की प्रत्येक ग्लुकोज शेजाऱ्याच्या मानाने उलटा होतो: एक उताणा, एक पालथा. त्यामुळे वळणाला वळण छेद देते आणि साखळी सरळसोट, चपट्या फितीसारखी राहते. अशा फिती शेजारी शेजारी पडतात, हायड्रोजनच्या बारीक बारीक टाचण्यांनी एकमेकींना धरून ठेवतात आणि तिथे पाण्यालाही शिरायला जागा उरत नाही. उसाचा ताठा तो हाच. रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यात सर्वांत मोठा वाटा हिचा. आपल्याला ती पचत नाही, कारण ही बिजागरी उघडायचे हत्यार माणसाच्या पोटात नाही. म्हशीच्या पोटातही ते नाही, पण तिच्या पोटातल्या जंतूंजवळ आहे. म्हणून वाढे म्हशीला आणि साखर आपल्याला, ही वाटणी झाली. हाच चोथा जाळून कारखाने वीज करतात. त्याच जातीच्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढायचे तर मात्र आधी या टाचण्या उपसाव्या लागतात. पानिपतला २०२२ साली भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, त्याची खरी लढाई या सरळसोट फितीशीच आहे.

दुसरी साखळी स्टार्चची, म्हणजे आपल्या खळीची, पिठाची, पेजेची. उसात ती थोडीच असते, शेंड्याकडे जास्त. पण स्वयंपाकघरात तिचेच राज्य. हिच्यात बिजागरी दुसऱ्या बाजूने बसते आणि प्रत्येक ग्लुकोज आधीच्यापेक्षा थोडा थोडा एकाच बाजूला कलतो. सतत एकाच बाजूला कलत जाणारी वाट शेवटी कुठे जाणार? ती गोल फिरते आणि फिरता फिरता वर चढते. वाड्याच्या माडीवर जाणारा गोल जिना आठवा. या जिन्याच्या एका फेऱ्याला साधारण सहा पायऱ्या, म्हणजे सहा ग्लुकोज. एका फेऱ्याची उंची मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. आणि जिना डावरा, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या उलट फिरणारा.

एवढी बारीक गोष्ट माणसाला कळली कशी? आयोडीनमुळे. पिठावर आयोडीन टाकले की निळा रंग येतो, हे १८१४ सालापासून माहीत होते. पण का येतो, हे सव्वाशे वर्षे कोडेच होते. १९३७ मध्ये केंब्रिजच्या हेन्स यांनी स्टार्चची साखळी पिळाची असावी असा तर्क मांडला. १९४३ मध्ये अमेरिकेत रंडल आणि फ्रेंच यांनी क्ष-किरणांनी दाखवून दिले की आयोडीन त्या गोल जिन्याच्या मधल्या पोकळीत ओळीने जाऊन बसते, आणि या बसण्यातून तो निळा रंग उमटतो. डी.एन.ए.चा प्रसिद्ध दुहेरी पीळ १९५३ सालचा. म्हणजे आपल्या पेजेतला पीळ त्याच्या दहा वर्षे आधी ओळखला गेला होता. पण त्याचा गाजावाजा झाला नाही. पेजेचा कोण करणार?

घरातल्या मुलांना हा जिना दाखवायचा असेल तर भाताची पातळ पेज निवू द्या आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तपकिरी आयोडीनचे एक-दोन थेंब तिच्यात टाका. निळाशार रंग येईल. मोठ्या माणसाने ती पेज गरम करावी, रंग जातो. निवली की परत येतो. उष्णतेने पीळ सैलावतो, आयोडीन निसटते, आणि निवताना पीळ पुन्हा बसतो. (ती पेज मात्र नंतर ओतून द्यावी, गुरांनाही घालू नये.) खव्यात पिठाची भेसळ आहे का, हे पाहण्याची जुनी परीक्षा हीच. कंदी पेढ्याच्या गावाला ती ठाऊक असायला हवी. खवा थोड्या पाण्यात उकळावा, निववावा, आयोडीन टाकावे. निळा झाला तर खव्यात म्हशीपेक्षा पिठाच्या गिरणीचा वाटा मोठा समजावा!

या पिळाच्या अभ्यासात आपल्या देशाचाही हात आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन यांचे नाव प्रथिनांसाठी जगभर घेतले जाते. आपल्या कातडीत आणि हाडांत जे कोलॅजन असते, त्याची रचना तीन पदरी दोरासारखी आहे, हे त्यांनी १९५४-५५ च्या सुमारास मांडले. १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथिनाच्या साखळीला कोणकोणत्या कोनांत वळता येते त्याचा नकाशाच काढला. मूळ कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही, असे वाटावे. दोन अणू ठरावीक अंतरापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत. मग जे जे कोन अणूंना एकमेकांवर आदळवतात ते सगळे खोडून टाका, उरले ते शक्य. पुढे साठच्या दशकात व्ही. एस. आर. राव आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हाच हिशेब साखरेच्या साखळ्यांना लावला. दोन ग्लुकोजमधल्या बिजागरीला दोन फिरक्या असतात. बँकेतल्या लॉकरला जशा दोन चाव्या, एक आमची आणि एक तुमची. दोन्ही योग्य कोनात फिरल्या तरच दार उघडते. त्या दोन कोनांची गणिते मांडली, आणि सेल्युलोजची फीत सरळ का आणि स्टार्चचा जिना गोल का, याचे उत्तर कागदावर आले.

आता हा पीळ आपल्या ताटात काय करतो ते पाहू. कच्च्या दाण्यात स्टार्चच्या साखळ्या दोन-दोन मिळून नाड्यासारख्या पिळलेल्या असतात आणि ते पीळ दाटीने रचलेले असतात. थंड पाण्याला ते दाद देत नाहीत. गरम पाणी मिळाले की पीळ उसवतात, पाणी पितात, फुगतात आणि चिकट होतात. शाळूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पिठाची विरी गेली आणि भाकरी थापताना चिरायला लागली की घरातल्या बायका उकळत्या पाण्यात पीठ मळतात. त्या काय करतात? थोड्या साखळ्यांचे पीळ सोडवतात आणि त्यांच्याकडून बाकीचे पीठ बांधून घेतात. रामचंद्रन यांचा नकाशा त्यांनी पाहिलेला नसतो, पण वाट बरोबर सापडलेली असते.

भाकरी निवली की साखळ्या एकमेकींना पुन्हा शोधतात आणि पीळ घालून बसतात. म्हणून शिळी भाकरी कडक. रात्रीचा भात सकाळी मोकळा, म्हणून फोडणीच्या भाताला तो बरा. फ्रिजच्या थंडाव्यात हे काम अधिकच वेगाने होते. पुन्हा गरम केले की बरेचसे पीळ सुटतात आणि अन्न मऊ होते. या नव्याने बसलेल्या पिळांचा काही भाग आपल्या लहान आतड्यात पचत नाही, तो पुढे मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातो. मधुमेहाच्या संदर्भात त्यावर हल्ली बरेच लिहिले जाते. परिणाम असतो, पण बेताचा. त्यावरून कोणी औषधाची गोळी बंद करून शिळा भात सुरू करू नये.

सांगलीच्या हळदीचेही तेच. ओली हळकुंडे काहिलीत शिजवतात ती नुसती मऊ करायला नव्हे. त्यांतले स्टार्च उसवून फुगते, पिवळा रंग सगळीकडे सारखा पसरतो, आणि वाळल्यावर ते सगळे घट्ट बसते. चांगले हळकुंड मोडले की खणकन वाजते आणि आत शिंगासारखी चमक दिसते. हरिपूरच्या पेवांतल्या हळदीवर कर्ज देताना आमच्याकडचे जुने गोदामपाल हळकुंड मोडून कान देऊन ऐकत. ते ऐकत होते तो शिजून निवलेल्या स्टार्चचाच आवाज.

आता तिसरी साखळी. आपला चोर. हिचे नाव डेक्स्ट्रान. ऊस तुटला की त्याचे घड्याळ सुरू होते. पेराचे तोंड उघडे पडते, मातीतले जंतू त्यावर बसतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक नावाचा एक जंतू मोठा हिशेबी. तो साखरेची जोडी फोडतो, फ्रुक्टोज सोडून देतो आणि ग्लुकोज आपल्या साखळीला जोडतो. म्हणजे त्याच्या साखळीची एक कडी वाढली की आपला साखरेचा एक रेणू गेला. या साखळीत बिजागरी ग्लुकोजच्या अशा कोपऱ्यावर बसते की दोनाऐवजी तीन फिरक्या मिळतात. तिसरी चावी हाती आल्यावर कसली शिस्त? ही साखळी सेल्युलोजसारखी ताठ राहत नाही की स्टार्चसारखा नीट जिना बांधत नाही. ती सुटलेल्या सुतासारखी पाण्यात ऐसपैस पसरते. रस बुळबुळीत होतो, गाळायला जड जातो, पाक उशिरा पिकतो. साखरेच्या दाण्याच्या काही बाजूंना ती चिकटून बसते, म्हणून दाणा चौकोनी होण्याऐवजी सुईसारखा लांबट निघतो. अशा दाण्याची मळी नीट निथळत नाही.

सगळ्यांत मोठी लबाडी पुढेच आहे. रसात साखर किती, हे कारखान्याची प्रयोगशाळा प्रकाशावरून मोजते. साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकाश गेला की तो उजवीकडे वळतो. वळण जितके जास्त तितकी साखर जास्त. डेक्स्ट्रानही प्रकाशाला उजवीकडेच वळवते, आणि वजनाला वजन धरले तर साखरेच्या जवळजवळ तिप्पट. १८७४ साली शायब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले, त्यात 'उजवी' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे काय झाले? रस बिघडला, तरी वहीत साखर भरपूर दिसते. पोत्यात मात्र ती उतरत नाही. बँकेत आम्ही याला पुस्तकी शिल्लक म्हणतो. वहीत आहे, तिजोरीत नाही. कारखान्याच्या ताळेबंदात 'अज्ञात घट' म्हणून जो रकाना असतो, त्यातल्या काही घटीचा पत्ता इथे लागतो.

एका हंगामात आमच्या शाखेचे एक वयस्क खातेदार पीककर्जाचे व्याज भरायला आले. त्यांचा तुटलेला ऊस कारखान्याच्या दारात रांगेत तीन दिवस उभा राहिला होता. मी म्हटले, "आबा, वजन तर झालं ना? मग काळजी कसली?" ते म्हणाले, "सायेब, वजन माझं घटलं, ते मला कळतंय. पर त्या शिळ्या उसानं समद्यांचा उतारा घटला, ते कुणाला कळतंय?" मी पुष्कळ अहवाल वाचले, सहकाराचा याहून नेमका अर्थ क्वचित वाचला. दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याने पहाटे ऊस तोडून दुपारी गव्हाणीत टाकला आणि ज्याचा ऊस तीन दिवस उन्हात पडला, दोघांचे माप शेवटी एकच. जंतूने एका ट्रॉलीत विणलेली साखळी गावोगावच्या खात्यांत जाऊन अडकते.

म्हणून जाणकार सांगतात की तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळावा. जळलेला ऊस लवकर बिघडतो, त्याला आधी वाट द्यावी. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे आखूड असतात, म्हणजे तोंडे जास्त, म्हणजे जंतूला दारे जास्त. तोडणीयंत्रे वाढताहेत, तेव्हा ही घाईही वाढली पाहिजे. गिरण्या वेळोवेळी वाफेने धुवाव्यात. डेक्स्ट्रान तोडणारे विकर मिळते, पण ते दुखण्यावरचे औषध झाले, गेलेली साखर ते परत आणीत नाही. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथून आणि इतर केंद्रांतून जादा साखरेचे वाण येत राहिले. पण वाणाने वर्षभरात कमावलेले रांगेत दोन दिवसांत घालवायचे, यात कसला शहाणपणा? आणि रांग कोणामुळे लागते? तोडीचा कार्यक्रम, चिटबॉयची मर्जी, टोळ्यांची टंचाई, पुढाऱ्याचा फोन. थंडीत पालात राहून, लेकरू पाठीशी बांधून ऊस तोडणाऱ्या कोयत्याला दोष देऊन इथे भागणार नाही. त्याने तर वेळेवर तोडला होता.

डेक्स्ट्रानची निंदा फार झाली. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये बीटचा रस असाच बुळबुळीत होऊ लागला आणि तो प्रश्न उप्साला विद्यापीठात गेला. तिथे इंगेलमान यांनी ही साखळी हाताळली, आणि ग्रोनवाल यांच्यासह विचार केला की रक्त वाहून गेलेल्या माणसाच्या शिरांत पाणी धरून ठेवायला असेच ऐसपैस पसरणारे, विरघळलेले काही हवे आहे. चाळीसच्या दशकातच डेक्स्ट्रानचे द्रावण सलाइनसारखे देऊ लागले. पुढे रक्त कमी असलेल्यांना द्यायच्या लोहाच्या इंजेक्शनातही ती आली. गव्हाणीतली शत्रू दवाखान्यात मैत्रीण झाली. साखळी तीच. कुठे, कधी आणि कोणाच्या हाती, एवढाच फरक.

एकाच ग्लुकोजच्या या तीन लेकी: एक ताठ, एक पिळदार, एक मोकाट. पहिलीने उसाला उभे केले, दुसरीने आपल्याला भाकरी दिली आणि तिसरी आपल्या दिरंगाईवर पोसली जाते. पहिल्या दोघींचे गुण निसर्गाने ठरवले, त्यांत आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही. तिसरीचे मात्र आपल्या हाती आहे. ऊस तुटल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितके तास जातील तितक्या तिच्या कड्या वाढणार. वार्षिक सभेत दराची घोषणा झाली की टाळ्या पडतात, न झाली की खुर्च्या पडतात. यंदा कोणीतरी उठून अध्यक्षांना एक साधा प्रश्न विचारावा: "साहेब, आपल्या कारखान्यात तोडीपासून गाळपापर्यंत सरासरी किती तास लागतात?" उत्तर आकड्यात मागावे आणि ते अहवालात छापून घ्यावे. उताऱ्याच्या आकड्याशेजारी हा आकडा छापला गेला, तर दोन्ही आकडे एकमेकांवर नजर ठेवतील.

आणि तोवर बांधावर उभे राहून ज्यांचा ऊस तुटतो आहे, त्यांनी घड्याळात एकदा पाहून ठेवावे.